‘लक्षात नाही’ खात्याचा हिशेब

६ एप्रिल, रविवार

माझं काय चुकलं? जे आहे ते आहे!

जेवायला नंदिनीची थोरली बहीण आली होती, जरीपटक्याला राहणाऱ्या इंदूताई. शिवाय शेजारचा मुकुंद. वांग्याची भाजी झकास झाली होती. सगळं बरं चाललेलं. तेवढ्यात नंदिनी इंदूताईंना सांगू लागली — "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाले यांनी मले टसरची साडी घेतली. सात हजाराची. स्वतःहून!"

आता सात हजार? मी म्हटलं, चार हजार आठशे पन्नास. आणि वाढदिवसाला नाही, नंतर, सेल लागल्यावर. आणि स्वतःहून तर नाहीच.

ती म्हणे सात. मी म्हटलं थांब. उठलो, कॉम्प्युटर लावला. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला उघडायला वेळ लागतो हे मान्य. २००६ पासूनचा घरातला एकेक रुपया त्याच्या पोटात आहे. मुकुंदचा भात होऊन ताकही पिऊन झालं. पण साडीची नोंद सापडली! प्रिंट काढली, तिच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

मुकुंद हसला. इंदूताई ताटाकडे पाहत बसल्या. नंदिनी काही बोलली नाही. पटलं असावं.

७ एप्रिल

पटलं नव्हतं.

सकाळी नंदिनीनं बॅग भरली. इंदूताई मुक्कामालाच होत्या, त्यांच्यासोबत निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "पस्तीस वर्षं झाले. मी तोंडातून एक गोष्ट काढाले गेली का तुम्ही पावती घेऊन उभे. माणसानं काही गोड म्हणून सांगूच नाही काय? त्या डबड्यात जेवढं जुनं आहे तेवढं काढून फेका. मग सांगा मले. तोवर मी ताईकडेच."

मी विचारलं — किती सालापर्यंतचं?

हे विचारायला नको होतं. ऑटोत बसेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

८ एप्रिल

खिचडी. खाली लागली.

९ एप्रिल

खिचडी. हिरवा सांबार — म्हणजे कोथिंबीर — चिरून टाकला वरून. लागलेली ती लागलेलीच.

१० एप्रिल

नूपुरचा पुण्याहून फोन. मुलगी आपली, पण पक्ष आईचा. "बाबा, तुम्ही प्रिंट काढली? जेवणाच्या ताटात?" ताटात नाही, ताटाशेजारी. हा फरक कोणी समजून घेत नाही.

पण पोरगी हुशार आहे. म्हणे, त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जुनी वर्षं बंद करा’ असं एक बटण आहे. तारीख टाकायची. त्याच्या आधीचं सगळं जाऊन फक्त एक ओळ राहते — मागील शिल्लक. फाइल हलकी होते. आई परत येते. दोन मिनिटांचं काम!

तिला काय जातं म्हणायला. टॅली न करता वर्ष बंद करायचं? हिंगण्याला कंपनीच्या स्टोअरमध्ये तेहतीस वर्षं काढली मी. एक बेअरिंग कमी निघालं तर मार्चअखेर जेवण जात नव्हतं. नूपुर म्हणे, "टॅली नसलं तरी बंद होतं, बाबा." म्हटलं, त्याचं होत असेल. माझं होत नाही.

आणि आमच्या हिशेबात एक घाण आहे. ती फक्त मलाच माहीत. ‘लक्षात नाही’ नावाचं खातं. घरातून पैसे गेले, कुठे गेले ते त्या वेळी उमजलं नाही, की टाक त्यात. नंतर पाहू म्हणून. आज उघडून पाहिलं तर एकसष्ट नोंदी! माझ्या स्टोअरमध्ये असं खातं कोणी उघडलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

ठरलं. आधी हे एकसष्ट साफ करायचे, मग वर्षं बंद, मग नंदिनीला आणायला जायचं. बुद्धपौर्णिमेच्या आत. रीतसर.

११ एप्रिल

अडचण अशी — त्या एकसष्टांतले बहुतेक पैसे नंदिनीच्या हातून खर्च झालेले. म्हणजे तिलाच विचारावं लागणार.

सहा वाजता फोन लावला. एरवी उचलला की ‘जय भीम’ म्हणते, आज नुसतं "बोला." म्हटलं, सतरा ऑगस्ट २००८, सहाशे रुपये, कशाचे?

ती — "काढाले सांगतलं होतं ना तुम्हाले?"

म्हटलं, काढण्यासाठीच तर विचारून राहिलो.

फोन कट. कट व्हायच्या आधी इंदूताईंचा आवाज आला — "काय म्हणते वं?" आणि हिचा — "डोक्श्यावर परिणाम झाला त्यांच्या."

१२ एप्रिल

मुकुंद आला, चहा मलाच करावा लागला. तो म्हणे, "काय गा धम्मानंद, बायको गेली आणि तू हिशेब करून राहिला? डिलीट मार ना बावा! सगळं सिलेक्ट कर आणि डिलीट. कोण पाहाले येते?"

मी पाहतो ना! मी कोणीच नाही काय?

मुकुंदच्या घरी हिशेब ठेवत नाहीत. म्हणूनच त्याला तीन वेळा लाइटबिल भरावं लागलं होतं. एकाच महिन्याचं.

१४ एप्रिल, जयंती

पांढरा शर्ट घातला. इस्त्री मीच केली. कॉलर राहून गेली. विहारात गेलो तर वंदना व्हायच्या आधी चार जणींनी विचारलं, "वहिनी कुठी आहे?" म्हटलं, बहिणीकडे, तब्येत बरी नाही. पाचवीनं विचारलं, "कोणाची?" तेव्हा माझीच म्हणून टाकलं.

दरवर्षी ती पुढे उभी राहून गाणी म्हणते. आज दुसरं कोणीतरी म्हणत होतं. सूर लागत नव्हता. की मलाच तसं वाटलं, काय माहीत.

घरी आलो. दाराला तोरण आहे, लाइटिंगच्या माळा आहेत, आत कोणी नाही. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही.

१५ एप्रिल

संध्याकाळी फोन वाजला. तिचा! मी हात न पुसताच उचलला.

ना जय भीम ना काही. सरळ — "ते सहाशे चष्म्याचे."

कोणत्या चष्म्याचे?

"नूपुरचा पहिला चष्मा. तिसऱ्या दिवशी शाळेत फोडला तिनं. तुम्ही तर पहिल्याचीच पावती फाइलले लावून, सगळ्यांले दाखवून राहिले होते — लेन्स इतक्याची, फ्रेम इतक्याची. सांगतलं असतं तर पोरीले रडवलं असतं तुम्ही. म्हणून गुपचूप तसाच दुसरा आणला."

मी लिहून घेतलं. ‘नूपुर – चष्मा – दुसरा.’ म्हटलं, फ्रेम तीच होती?

"तीच. तुम्हाले कळलं तरी काय?"

नाही कळलं. म्हटलं, अजून साठ आहेत.

"उद्या विचारा," म्हणाली. "आता सीरियल लागते."

१६ एप्रिल

मे २००९, दोनशे वीस. कूलरची मोटर जळली होती म्हणे. मी कंपनीत. दुरुस्तीवाला आला तो मोटर राहिली बाजूला, दोन तास पन्हं पीत बसला — त्याला मुलगी पसंत होती पण आई ऐकत नव्हती. नंदिनीनं त्याच्या आईला फोन लावून दिला! "लग्न झालं त्याचं मग. पत्रिका आली होती आपल्याकडे."

हे मला कसं माहीत नाही? म्हणे, "तुम्ही घरी आल्यावर मोटर किती अँपिअरची ते विचारलं. कोणाचं लग्न जमलं ते विचारलं काय?"

नोंदवलं. ‘कूलर – मोटर.’ लग्नासाठी वेगळं खातं नाही.

१९ एप्रिल

नऊ नोंदी झाल्या. आज चुकून अर्धा तास आधी फोन लावला — म्हणजे साडेपाचलाच. ती म्हणे, "मी लावणारच होती."

सध्याची पद्धत अशी — कूलरसमोर बसायचं, वही मांडीवर, स्पीकर चालू. मी तारीख आणि रक्कम सांगतो. ती "थांबा थांबा" म्हणते. मागून इंदूताई काहीतरी पुटपुटतात. मग सुरू! बाईच्या डोक्यात काय मेमरी आहे. मी सॉफ्टवेअर घ्यायला उगाच पैसे घातले.

२३ एप्रिल

बेचाळीस डिग्री. दुपारी लाइन गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला, सकाळपासूनचं काम पाण्यात. सेव्ह करायचं राहिलं होतं. मी! ज्यानं अख्ख्या डिपार्टमेंटला ‘सेव्ह केलं काय’ विचारून वात आणला, तो मी!

आता दर अर्ध्या तासाला बॅकअप. पेनड्राइव्हला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवलंय. थंड राहतं तिथे.

२५ एप्रिल

डिसेंबर २०१२, तीनशे दहा.

ती लगेच म्हणाली, "हुरडा!" हिंगण्याच्या पुढे कोणाच्या तरी शेतात गेलो होतो आपण तिघं, मोटरसायकलवर. भाजलेला हुरडा, चटणी, गूळ. आणि तुम्ही बांधावर रुमाल वाळत टाकला, तो म्हशीनं खाल्ला.

मी इतका हसलो की वही खाली पडली. म्हटलं, निळा होता! निळ्या काठाचा! ती म्हणे, "हो हो, निळाच." म्हटलं, आणि तू म्हणाली होतीस की आता म्हशीला शिंक येईल. ती म्हणे, "मी म्हणाली होती का असं? असन बावा."

पाऊण तास बोललो. एकच नोंद झाली.

२८ एप्रिल

आज तोंडघशी पडलो. लिहूनच ठेवतो, दुसरं कोणाला सांगणार!

सॉफ्टवेअरमध्ये काही खर्च आपोआप पडतात, एकदा सांगून ठेवलं की दर महिन्याला. केबलचे दीडशे मी तसे लावून ठेवले होते. पाच तारखेला आपोआप. केबल काढली आपण २०१७ च्या दिवाळीत. हा बाबा अजून भरून राहिला! सात वर्षं झाली, नसलेल्या केबलचं बिल भरणं चालूच आहे.

बरं, मग पाकिटात दर महिन्याला दीडशे जास्त निघत असतील ना? निघायचे! आणि मी ते काय म्हणून टाकायचो? ‘नंदिनीकडून परत – भाजीतले उरलेले.’ वर तिला शाबासकीही द्यायचो — या महिन्यात तू काटकसर केलीस म्हणून.

म्हणजे एकोणीस वर्षं ज्या आकड्यांच्या जोरावर भांडलो, ते असे!

तिला सांगू की नको? दिवसभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी सहा वाजता नोंद विचारायच्या आधीच सांगून टाकलं. ती जी हसायला लागली! खोकला आला, तरी हसते. इंदूताई धावत आल्या, "काय झालं वं, काय झालं?" — "अवं ताई, हे केबलवाल्याले... केबलच नाही तरी..." पुढे बोलताच येईना तिला.

लग्नाआधी, पाहायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून असंच हसू आलं होतं. ते ऐकूनच हो म्हटलं होतं मी. हे तिला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

३० एप्रिल

भाजी जमली! आलू-वांगं. तिनं फोनवर सांगितलं तसं — कांदा लाल होऊ द्या, घाई करू नका. म्हटलं, किती मिनिटं? म्हणे, "मिनिटं नाही. लाल."

३ मे

आज हसणं नाही.

नोव्हेंबर २०१०, दोन हजार. त्या दिवसांतलं मला सगळंच नीट आठवत नाही. आई दवाखान्यात होती, शेवटचे दिवस.

नंदिनी आज ‘थांबा थांबा’ म्हणाली नाही. म्हटलं, राहू दे. म्हणाली, "नाही, सांगते. वॉर्डात एक आया होती. रोज सकाळी तुमच्या आईची वेणी घालून द्यायची. तिचं काम नव्हतं ते. तरी घालायची, आणि म्हणायची, बायजाबाई, आज कोण येणार आहे भेटाले? तिच्या पोरीची फी भरायची होती. आईनंच मले म्हटलं, दे तिले. आणि म्हणाल्या, धम्माले सांगू नको. तो तिले पावती मागीन."

मी हसलो, आणि मग रडलो. फोन तसाच धरून. ती पलीकडे थांबली, ठेवला नाही.

‘लक्षात नाही’मधून काढलं. खातं — ‘आई’.

५ मे

नऊ राहिल्या.

पहिल्यांदाच असं झालं की काम संपत आलं आणि बरं वाटून राहिलं नाही.

७ मे

मुद्दाम एकच विचारली. तिनं विचारलं, "आज एकच?" म्हटलं, बाकीच्या उद्या, डोळे दुखतात. डोळ्यांत थेंब टाका म्हणाली. वर कोणते, तेही सांगितलं, कपाटात कुठे आहेत तेही. बाई जरीपटक्यात बसून माझं प्रतापनगरचं कपाट पाहते.

८ मे

‘लक्षात नाही’ — शिल्लक शून्य! बँकेची पासबुकं जुळली. रोख जुळली. केबलसकट सगळं दुरुस्त. फरक — ०.००.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत असा शून्य दोनदाच पाहिला. मुकुंदला बोलावून दाखवला. तो म्हणे, "एवढं करून शून्यच आला?"

आता बटण दाबायचं आणि तिला सांगायचं. उद्या सांगतो.

९ मे

सांगितलं नाही.

सहा वाजले. हात आपोआप फोनकडे गेला आणि विचारायला काहीच नव्हतं! नुसतं ‘कशी आहेस’ म्हणून फोन करायचा, अशी काही आमची पद्धत नाही. तिला वाटलं असतं काही विपरीत झालं.

मग बनवली एक. नोंद. सरळ तोंडाला येईल ते. म्हटलं, नंदिनी, एक राहून गेली बघ — जून २०१४. साधारण पावणेतीनशे.

ती म्हणाली, "ते होय! छत्रीचे."

छत्रीचे?

"तुमची छत्री माह्यानं ऑटोत राहिली. तुम्ही तर त्या छत्रीले जीवापाड जपत होते. मग मी बर्डीच्या बाजारात जाऊन तशीच शोधून आणली. दुकानदाराले चार छत्र्या उघडाले लावल्या. आणि नवी आहे हे कळू नाही म्हणून तिचा दांडा मी पायरीवर घासला."

म्हटलं, बरं, घेतो लिहून.

पण नोंदच नाही! जून २०१४ मध्ये पावणेतीनशेची नोंदच नाही, मी बनवलेली आहे ती! मग छत्री कुठून आली?

दारामागची छत्री काढून पाहिली. दांडा घासलेला आहे. पण तो कोणत्याही छत्रीचा असतो.

१० मे

म्हणजे बाई थापा मारून राहिली होती!

एकसष्ट नोंदी! एकेक मी विश्वासानं लिहून घेतल्या. कूलरवाल्याचं लग्न? म्हैस? आणि त्या म्हशीचं म्हणावं तर मलाही आठवलं होतं, निळा रुमाल मी सांगितला होता! न झालेल्या गोष्टीतला रुमाल मला कसा आठवला? मी पण थापाच मारत होतो काय, तेही मनापासून?

सकाळपासून डोकं भणभणतंय. जाब विचारावा तर माझीच चोरी उघडी पडते — तू खोटं उत्तर दिलंस, हे मी कशावरून म्हणणार? मी खोटा प्रश्न विचारला, यावरून.

मुकुंदला सांगितलं. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं आलूबोंडे मागवले. म्हणे, "तिनं फेकलं तरी टॅली झालं ना? मग झालं तर!"

टॅली झालं. तेच तर! खोट्यावर ०.०० आला!

संध्याकाळी फोन केला नाही. तिनंही केला नाही. सहा ते सात फार लांब गेले.

११ मे

पुन्हा सगळं तपासायचं म्हटलं तर खरं कोणतं, खोटं कोणतं, हे तिलाच विचारावं लागणार. आणि ती पुन्हा सांगणार. छानच सांगणार.

आणि आईची वेणी? तेही? या एका नोंदीशी येऊन मी थांबलो. ते खोटं असेल तर मला कळायलाच नको.

स्टोअरचा नियम — जे मोजता येत नाही ते रजिस्टरवर ठेवायचं नाही. चहा केला. बसलो. तारीख टाकली. सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की? म्हटलं, हो. पुन्हा विचारलं, हे परत मिळणार नाही, नक्की? इतकं तर आमच्या जनरल मॅनेजरनंही विचारलं नसतं. दाबलं. पेनड्राइव्हही पुसून काढलं. फडकं धुवायला टाकलं.

एकोणीस वर्षं. मागील शिल्लक, एक ओळ. फाइल आता चटकन उघडते. उघडून पाहण्यासारखं काही नाही तिच्यात.

उद्या बुद्धपौर्णिमा. सकाळी उठून जरीपटक्याला जातो. ती काय म्हणेल ते म्हणेल. नाही आली तर तिथेच बसेन.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

जायची वेळच आली नाही! सात वाजता दार वाजलं. बॅग, इंदूताईंनी दिलेला लोणच्याचा डबा, आणि नंदिनी. आल्या आल्या म्हणाली, "खिरीले दूध आहे की नाही घरात?"

मी म्हटलं — बंद केलं सगळं.

"काय बंद केलं?"

जुनी वर्षं. तू म्हणाली होतीस ना!

"बापा! तेच धरून बसले काय तुम्ही?" आणि सरळ ओट्याकडे. कढई उचलून पाहिली, खालून काळी. घासायला घेतली. दूध मी आणलं. दोन लिटर. कितीचं आलं ते लिहायचं राहिलं.

विहारात आज तीच पुढे होती.

१५ मे

भाजी निवडताना आज सांगून टाकलं — जून २०१४ ची नोंद नव्हतीच. मी बनवली होती.

"माहीत आहे," म्हणाली. मान वर न करता.

कसं काय?

"साधारण म्हणाले ना तुम्ही. साधारण पावणेतीनशे! पस्तीस वर्षांत कधी साधारण म्हणाले काय? मी तेव्हाच म्हटलं, ताई, माही बॅग काढ वं. हे काही खरं नाही."

मग मीही विचारलं. भीत भीतच. बाकीच्यातलं खरं किती होतं?

"तुमच्या आईचं खरं. अक्षर न् अक्षर. नूपुरच्या चष्म्याचं खरं."

आणि बाकी?

मेथीच्या काड्या गोळा करून तिनं माझ्या हातात दिल्या.

"बाकीचं, तुम्ही फोन ठेवून द्याल म्हणून."